जिभेला मोजा नसतो

मी नवऱ्याला तीन वेळा मारलं. पहिल्या वेळी त्याने माझा दंड धरून मला दाराबाहेर काढलं होतं, म्हणून. दुसऱ्या वेळी तो माझ्या मेलेल्या बापाबद्दल नको ते बोलला, म्हणून. तिसऱ्या वेळी त्याने काहीही केलं नव्हतं. तो दात घासत होता. मी कामावरून आले होते, पाय ठणकत होते, आणि तो आरशात बघून गुणगुणत होता. मी त्याचं डोकं बेसिनवर आपटलं. पुढचे दोन दात गेले. कोर्टातही मी हे असंच सांगितलं. खोटं बोलायला जी हुशारी लागते ती माझ्याकडे नाही, आणि असती तरी त्या माणसावर खर्च केली नसती. माझ्या वकीलबाईंनी भर कोर्टात कपाळाला हात लावला.

तर मुंगी त्याच्याकडे गेली.

मुंगी म्हणजे आमची मुलगी. सात वर्षांची. साखरेचा डबा कुठेही लपवा, ही तिथे पोचणार, म्हणून मुंगी. कोर्टाने सांगितलं, आईने सहा भेटी घ्यायच्या. दर पंधरा दिवसांनी एक, दुपारी तीन ते पाच, आईच्या घरी, कोर्टाने नेमलेल्या बाईंच्या समोर. सहाही भेटींत आईने कुणावर हात उचलला नाही, तर मुलगी दर शनिवार-रविवार आईकडे राहायला येईल. एकदा जरी उचलला तरी पुन्हा पहिल्यापासून. बाईंकडे एक छापील कागद असायचा आणि एक जाड वही. कागदावर एक ओळ होती : हात उचलला काय? त्याच्यापुढे दोन चौकोन, होय आणि नाही. कुणावर, कशासाठी, याला चौकोन नव्हता. मी त्यांना मनातल्या मनात वहीवाल्या बाई म्हणायचे.

पाच भेटी पार पडल्या. पहिल्या भेटीत मुंगी बूट न काढता टेबलाखाली बसून राहिली. दुसऱ्या भेटीत बूट काढले, पण टेबल सोडलं नाही. तिसऱ्या भेटीत मी पण टेबलाखाली जाऊन बसले. माझ्यासारखी धिप्पाड बाई त्या टेबलाखाली कशी मावली ते माझं मला माहीत. चौथ्या भेटीत ती हसली. पाचव्या भेटीत तिने विचारलं, तुझ्याकडे बर्फाचा फ्रीज आहे का? तिच्या वर्गातल्या कुठल्याशा मुलीच्या वाढदिवसाला एक खाऊ होता : आत फळ, त्याच्यावर दही, त्याच्यावर चॉकलेट, आणि सगळं दगडासारखं गोठलेलं. चावलं की कट्कन फुटतं. बाबा म्हणतो, दात किडतात. मी म्हटलं, एक खाल्लास तर नाही किडत. ती म्हणाली, मला खायचं नाहीये, करायचंय.

हे ऐकून मी त्या रात्री घरात एकटीच नाचले. करायचंय! पोरीला माझ्याबरोबर काहीतरी करायचंय. आणि काय, तर बर्फाचं काम. मी अकरा वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. मासळीचे आणि मटारचे ट्रे गोठवणं, काढणं, खोके रचणं. गार कसं करायचं हे मला कुणी शिकवायचं नाही.

सहाव्या भेटीच्या आधी वहीवाल्या बाईंचा फोन आला. शेवटची भेट वेगळी असते, म्हणाल्या. दोन्ही पालक एका खोलीत दोन तास कसे वागतात ते बघायचं असतं. म्हणजे मास्तर पण वर येणार होता. एरवी तो खाली गाडीत बसून राहायचा.

मास्तर म्हणजे माझा नवरा. गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असतो, आणि बाजूला याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने काहीही करो, गाडी थांबणार याच्या मनात येईल तेव्हा. वीस वर्षं असं बसून माणूस तसाच होतो. घरातसुद्धा मी काही करायला घेतलं की याचा पाय जमिनीवर दाबला जायचा. आवाज मात्र कधी चढवायचा नाही. कोर्टाला असा माणूस फार आवडतो. मी त्याला आधी अहो म्हणायचे. पहिल्यांदा मारलं त्या दिवशी अहो सुटलं ते सुटलं.

मी तयारी केली. आदल्या दिवशी दोन लिटर दही फडक्यात बांधून नळाला टांगलं. सकाळपर्यंत पाणी गळून ते लोण्यासारखं घट्ट झालं. स्ट्रॉबेऱ्या, केळी, द्राक्षं आणली. चॉकलेटच्या दोन लाद्या आणल्या, एक लागणार होती तरी दोन. माझा घरचा फ्रीज म्हणजे नुसतं कपाट, त्यात बर्फाचे खडे धरायला दिवस जातो. मुंगीच्या डोळ्यांसमोर गोठायला हवं होतं. म्हणून मी कामावरून पोलादी ट्रे आणला, जाड बुडाचा, ज्याच्यावर आम्ही मासळी गोठवतो. चार वेळा घासला. आणि टपभर बर्फ. बर्फाच्या चुऱ्यात जाडं मीठ घातलं आणि वर ट्रे ठेवला की तो ट्रे असा गार होतो की घरच्या फ्रीजने लाजावं. हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला माहीत आहे. हातमोजेही आणले, दोन जोड.

ते तिघे तीनला पाच मिनिटं असताना आले. मास्तरने खुर्ची रुमालाने पुसली आणि मग बसला. बाई खिडकीपाशी बसल्या, वही मांडीवर. मुंगीने बूट दारातच काढले आणि सरळ ओट्याशी आली. मी तिच्यासाठी स्टूल ठेवलं होतं. मोजे तिला कोपरापर्यंत आले. ती दोन्ही पंजे वर करून अस्वलासारखी डोलली, आणि बाई चक्क हसल्या. मास्तर म्हणाला, स्टूल हलतंय. स्टूल हलत नव्हतं.

पहिलं काम फळं पुसायचं. ओलं फळ चालत नाही, पाण्याचा बर्फ होतो आणि दही धरत नाही. मुंगीने एकेक स्ट्रॉबेरी आंघोळ घातलेल्या बाळासारखी पुसली. एकीच्या पानात थेंब राहिला होता, तर म्हणाली, हिच्या कानात पाणी आहे. मग दह्यात मध घातला, ढवळला. मी स्ट्रॉबेरी काडीला टोचून द्यायची, ती दह्यात बुडवायची, गोल फिरवायची आणि ट्रेवर ठेवायची. ठेवल्या ठेवल्या दह्याच्या कडा पांढऱ्याफेक व्हायच्या. मीठ कशाला, तिने विचारलं. मी म्हटलं, मीठ बर्फाला रडवतं, आणि रडता रडता तो आणखी गार होतो. ती म्हणाली, हे खोटं आहे. मी म्हटलं, तुझ्या मास्तरांना विचार. तिने मान वळवून बापाकडे बघितलं. तो बाईंना सांगत होता की घरी मुलीचं दूध, अभ्यास, झोप, सगळं वेळच्या वेळी असतं. त्याला बर्फाचं काही माहीत नव्हतं, म्हणून तो दुधावर बोलत राहिला.

पाऊण तासात सगळे गोळे टणक झाले. आता चॉकलेट. पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, वर वाडगा, वाडग्यात लादीचे तुकडे आणि चमचाभर तेल, म्हणजे कवच पातळ येतं. चॉकलेट वितळायला लागलं. मुंगी डोळे मोठे करून बघत होती. मी मोजे काढले आणि तिला एकच नियम सांगितला. यात पाण्याचा थेंब पडता कामा नये. थेंब पडला की चॉकलेट चिडतं, त्याचा रवाळ गोळा होतो, आणि मग ते कशालाच चिकटत नाही.

मास्तर उठून आला. वाडग्यात डोकावला. म्हणाला, फार दाट आहे. मी म्हटलं, होईल पातळ, थांब. तो म्हणाला, थोडं पाणी घाल. मी म्हटलं, पाणी चालत नाही. तो म्हणाला, सगळ्यात चालतं. आणि ओट्यावरचा पेला उचलून त्याने अर्धा पेला पाणी वाडग्यात ओतलं. मी नको म्हणेपर्यंत ओतून झालं होतं. चॉकलेट आक्रसलं आणि त्याचा चिखल झाला. मास्तरने चमच्याने ढवळून बघितलं आणि बाईंना म्हणाला, चॉकलेट हलकं आणलेलं दिसतंय.

माझा उजवा हात मुठीत आला होता. मला माझ्या मुठीचं वजन माहीत आहे. मी तीस किलोचे खोके डोक्याच्या वर रचते. मी ओट्याची कड धरली आणि मनातल्या मनात खोके मोजले. अठ्ठावीसपर्यंत गेले. मग वाडगा उचलून मोरीत उपडा केला, घासला, कोरडा पुसला आणि दुसरी लादी फोडली. बाईंनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते बघायची मला गरज नव्हती. होय की नाही, तर नाही. अजून नाही. घड्याळात सव्वाचार झाले होते. पंचेचाळीस मिनिटं. पंचेचाळीस मिनिटं मूठ उघडी ठेवायची, की पोरगी शनिवारी माझ्या पलंगावर झोपणार होती. मी चादरही आणली होती.

दुसरं चॉकलेट आरशासारखं वितळलं. मुंगीने पहिली काडी बुडवली, वर काढली, आणि आम्ही दोघी बघत राहिलो. ओलं चॉकलेट गोठलेल्या दह्याला लागलं आणि चमक जाऊन कवच झालं. तिने दुसऱ्या काडीने त्यावर ठोकून बघितलं. टक् वाजलं. तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी कुणाला सांगणार नाही.

आठ झाले. नववी काडी बुडवताना मी चॉकलेटची आच कमी करायला वळले. ट्रेच्या कोपऱ्यात गोठलेल्या दह्याचा एक ठिपका राहिला होता, मध घातलेल्या. ती मुंगी होती. ती वाकली आणि तिने तो ठिपका चाटला.

कोल्ड स्टोरेजमध्ये पहिल्या दिवशी पहिला धडा हाच. उघड्या कातडीने पोलादाला शिवायचं नाही. मी एका माणसाच्या तळहाताची साल ट्रेला चिकटून राहिलेली बघितली आहे. म्हणून आम्ही मोजे घालतो. म्हणून मी मुंगीला मोजे घातले, दोरीने कोपरापाशी बांधले, आणि खूश झाले की आपण सगळी काळजी घेतली. जिभेला मोजा नसतो. अकरा वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, कारण आमच्याकडे कुणी ट्रे चाटत नाही. घरची कुठलीही साधी बाई असती तर तिने ट्रेवर कागद घातला असता. मी कोल्ड स्टोरेजचा ट्रे जसाच्या तसा पोरीच्या तोंडासमोर ठेवला. ही चूक माझी. ती दुसऱ्या कुणाची नाही.

मला आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, ओरडायला जीभ लागते. घशातून येणारं एक घुं-घुं. मी वळले. मुंगी ट्रेवर वाकलेली, जीभ पार मुळापर्यंत बाहेर, कोपऱ्याला घट्ट चिकटलेली. डोळे पांढरे. दोन्ही मोजे ओट्यावर आपटत होते.

यावर इलाज एकच. कोमट पाणी ओतायचं, हळूहळू, पोलाद गरम होईपर्यंत. दहा-पंधरा सेकंदांत सुटतं. ओढायचं नाही. ओढलं की कातडी तिथेच राहते.

मास्तर मधल्या वेळात पोचला होता. त्याने मागून तिचं कपाळ एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने मान, आणि मागे खेचायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "ओढू नको. हात सोड. ओढू नको, फाटेल."

तो म्हणाला, "तू लांब हो. सगळं तुझ्यामुळे झालंय."

आणि त्याने खेचलं. मी ते बघितलं. जीभ लांब झाली, रबरासारखी, आणि कडेला एक लाल रेघ उमटली, आणि ती रेघ रुंद व्हायला लागली. ट्रेवरच्या बर्फावर रक्त टपकलं आणि जागच्या जागी गोठलं. मुंगीचा आवाज बदलला. मास्तरचा पाय जमिनीवर दाबला जात होता, ब्रेकवर दाबतात तसा. त्याने दुसरा झटका द्यायला हात सरसावले.

मी मारलं. उजव्या मुठीने, कानाखाली, जबड्याच्या सांध्यावर. मला तो आवाज ओळखता येतो. तो बाजूला फेकला गेला, फ्रीजवर आपटला आणि खाली बसला. बाई किंचाळल्या. मी मुंगीची हनुवटी डाव्या हाताने धरली, तिचं डोकं जागच्या जागी ठेवलं, आणि उजव्या हाताने तांब्यात नळाचं पाणी घेतलं, पातेल्यातलं उकळतं त्यात टाकलं, बोटाने बघितलं, आणि ओतायला लागले. तिच्या कानात सांगत होते, हलू नको राणी, बर्फ रडतोय, सुटेल आता.

तेवढ्यात मास्तर उठला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात आवाज चढवला नाही, त्याने माझे केस मागून मुठीत धरले आणि माझं डोकं मागे ओढलं. मी वळले नाही. वळले असते तर तांब्या हलला असता. त्याने माझ्या कमरेवर गुद्दा मारला, मग बरगडीत, मग पुन्हा तिथेच. माझ्या डोळ्यांपुढे काळं झालं. मी ओतत राहिले. बाई त्याला थांबा, थांबा म्हणत होत्या, वही छातीशी धरून. त्याने लाथ मारली, माझा गुडघा वाकला, मी ओट्याला पोट टेकवून उभी राहिले. ओतत राहिले. तांब्या रिकामा होत आला आणि जीभ सुटली. एक चकती तिथेच राहिली, नखाएवढी. पण बाकी सगळी सुटली. मुंगीने तोंड मिटलं, आणि तिच्या ओठांतून रक्त आणि पाणी वाहायला लागलं. मी तिला स्टुलावरून उचललं आणि खाली, ओट्यापासून लांब, उभं केलं.

इथवर मी जे केलं ते पुन्हा करीन. रोज करीन. कुणाच्याही वहीसमोर करीन.

यानंतर जे केलं ते करायला नको होतं. मी वळले. माझे केस अजून त्याच्या मुठीत होते, त्याच्या मुठीत केसांचा एक पुंजका राहिला. मी त्याच्या तोंडावर मारलं. नवे दोन दात गेले, बसवलेले. तो खाली पडला, टप उलटला, बर्फ आणि खारं पाणी खोलीभर झालं, आणि मी त्याच्यावर बसले. पोरगी सुटली होती. आता घाई कसलीच नव्हती. तरी मी मारलं. डावीकडून, उजवीकडून. तो हात डोक्यावर घेऊन आडवा झाला होता आणि मी त्या हातांवर मारत होते. वाडग्यातलं पाणी, दात घासतानाचं ते गुणगुणणं, दाराबाहेर काढलं तो दिवस, पाच भेटी मूठ उघडी ठेवली ते दहा तास, सगळं त्या हातांवर पडत होतं. पहिला फटका जिभेसाठी होता. बाकीचे माझ्यासाठी होते, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

मग माझ्या दंडात काहीतरी रुतलं. मला वाटलं बर्फ फोडायचा टोचा आहे. बघितलं तर मुंगी. तिने दोन्ही हातांनी माझा दंड धरला होता आणि दात रोवले होते. तिच्या तोंडातलं रक्त आणि माझं रक्त एकाच धारेने कोपरावरून खाली येत होतं. ती चावत होती आणि नाकाने श्वास घेत होती, जोरजोरात, आणि माझ्याकडे बघत होती. जिभेची साल गेलेल्या पोरीला चावताना काय होत असेल ते मला माहीत नाही. सोडत नव्हती.

माझ्या अंगावर कुणी हात टाकला की माझा हात उठतो. विचार करून उठत नाही. बापाने मारलं तेव्हापासून तसं आहे. माझा डावा हात वर गेलासुद्धा होता. तो तिथे हवेत राहिला. मग मी तो खाली घेतला, जमिनीवर ठेवला, खाऱ्या पाण्यात, आणि बसून राहिले. चाव, म्हटलं. चाव तुला हवं तेवढं. तिला हवं तेवढं पुष्कळ होतं. ती दमली तेव्हा तिने सोडलं, आणि सरकत सरकत बापाच्या बाजूला जाऊन बसली. तो पडलेला होता. पडलेल्या माणसाच्या बाजूला पोरं बसतात. मला राग आला नाही. आला. पण मी उठले नाही.

बाईंनी अँब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या, पाय बर्फात, आणि कागद हातात. त्या मला म्हणाल्या, "मी काय लिहू?"

मी म्हटलं, "होय लिहा."

डॉक्टर म्हणाले, जीभ लवकर भरून येते, आठवड्याभरात कळणारही नाही. मास्तरचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, त्याला दोन महिने नळीने जेवावं लागलं. माझ्या दोन बरगड्या. दंडावर बारा टाके, आणि त्या डॉक्टरने विचारलं, कुत्रं का? मी म्हटलं, मुंगी. तो हसला नाही, त्याला वाटलं मी शुद्धीवर नाही.

सुनावणी सहा आठवड्यांनी झाली. मास्तरचा जबडा तारेने बांधलेला होता, तरी बोलला. दातांच्या फटीतून, हळू, नेहमीसारखा. म्हणाला, मुलीला वाचवायला गेलो आणि हिने हल्ला केला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, ओढू नका असं तिने सांगितलं होतं का? तो म्हणाला, मला तसं काही ऐकू आलं नाही. वहीवाल्या बाईंनी जे बघितलं ते सगळं लिहिलं होतं, त्याचे गुद्दे, माझे गुद्दे, क्रमाने. पण त्या खिडकीपाशी होत्या, स्वतःच किंचाळत होत्या, कुणी काय म्हटलं ते त्यांनाही नीट सांगता येईना.

मग न्यायाधीशबाईंनी मुंगीला आपल्या खुर्चीजवळ बोलावलं. आम्हाला बाहेर जायला सांगणार होत्या, पण मुंगी तिथल्या तिथे बोलायला लागली. जीभ भरून आली होती, फक्त स ला जरा अडखळत होती. ती म्हणाली, "आई म्हणाली ओढू नको. मला ऐकू आलं. बाबा माझ्यापेक्षा जवळ होता." मग ती थांबली. मला वाटलं, झालं. मास्तरने मान खाली घातली. पण तिचं झालं नव्हतं. म्हणाली, "मग मी सुटले. मग आईने बाबाला खूप मारलं. तो पडला होता तरी मारलं. म्हणून मी चावले."

सात वर्षांची पोर. एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझ्या वकीलबाईंनी या वेळी कपाळाला हात लावला नाही. न्यायाधीशबाई मला म्हणाल्या, पहिल्या फटक्याचं मी समजू शकते. नंतरच्या फटक्यांचं काय? मी म्हटलं, ते माझे. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कारण आहे, पण ते पुरेसं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. मास्तरलाही त्यांनी विचारलं, पाणी ओतणाऱ्या बाईला मागून का मारत होतात? तो तारेतून म्हणाला, मला वाटलं ती पोरीला बुडवतेय. एका तांब्यात.

निकाल असा लागला. पुन्हा सहा भेटी. माझ्या घरी नाही, कोर्टाच्या खोलीत, काचेच्या भिंतीमागे, जिथे ओटा नाही, चूल नाही, पाण्याचा पेलासुद्धा कागदाचा. आणि आता मास्तरवरही बाईंची नजर, त्याच्या घरी, दर आठवड्याला. मुलगी तूर्त त्याच्याकडेच. मी ऐकून घेतलं. मला ओरडावंसं वाटत होतं की ती चकती मी वाचवू शकले नाही, पण जीभ वाचवली, त्याचा कुठे एक चौकोन काढा. पण मग माझ्या गुद्द्यांचेही चौकोन काढावे लागले असते, आणि ते जास्त झाले असते.

बाहेर लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना बाकडी. वकीलबाई कागद आणायला आत थांबल्या होत्या. वहीवाल्या बाई जिन्याकडे पुढे गेल्या होत्या. बोळात आम्ही तिघंच. मास्तर चालता चालता माझ्या शेजारून गेला, आणि न थांबता, तारेतून, अगदी हळू म्हणाला, "चांगली पढवून आणलीस पोरीला."

दीड महिना मी तिचं तोंड बघितलं नव्हतं. पोरीने त्या उंच खुर्चीसमोर उभं राहून बापाच्या आणि आईच्या दोघांच्या तोंडावर खरं सांगितलं होतं, आणि हा म्हणत होता पढवून आणली. बोळात दुसरं कुणी नव्हतं. कागद नव्हता, चौकोन नव्हता. त्याचा जबडा तारेने बांधलेला, माझ्यापासून हातभर लांब. मी एक पाऊल टाकलं.

पाऊल पडलं, पण मी पुढे गेले नाही. माझ्या उजव्या मनगटाला दोन छोटे हात घट्ट बसले होते. मुंगी बापाच्या मागून कधी फिरून आली ते मला कळलं नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने मायेने हात धरला होता असं मला म्हणायला आवडेल, पण तसं नव्हतं. ती पाय रोवून, मागे झुकून उभी होती, सगळं वजन टाचांवर टाकून, अनोळखी माणूस दारात आला की कुत्र्याचा पट्टा धरतात तशी. आणि डोळे बापावर होते.

"बाबा," ती म्हणाली, "तू पुढे जा. मी हिला धरलंय."